रामबागेतलं घर, कुर्कीची नोटीस आणि लोक अदालत

ज्यांच्या दारावर आत्ता थकलेल्या मालमत्ता करासाठी निगमची नोटीस चिकटली आहे, त्यांनी पोटात गोळा येण्याआधी नोटिशीच्या वरच्या ओळीत कोणतं कलम लिहिलंय तेवढं बघावं. मध्य प्रदेशात हा सगळा कारभार नगर पालिक निगम अधिनियम, 1956 प्रमाणे चालतो. 173 म्हणजे बिल. 174 म्हणजे मागणीची नोटीस. 175 म्हणजे वॉरंट, कुर्की म्हणजे जप्ती, आणि तरीही पैसे आले नाहीत तर विक्री. आमच्या दारावर 174 होती. हे मला झोनवर, म्हणजे निगमच्या आमच्या भागातल्या ऑफिसात गेल्यावर कळलं, तोवर घरात नुसत्या लिलावाच्या गोष्टी चालू होत्या.

घर इंदूरच्या रामबागेत आहे. आजोबांनी 1944 मध्ये घेतलेलं, खरेदीखतावर होळकर सरकारचा शिक्का आहे. वर कवेलू, आत चौक, पुढे रस्त्याला लागून एक खोली. आजोबा 1987 मध्ये गेले, पण निगमच्या खात्यात मालक म्हणून तेच होते. शेवटपर्यंत तिथे आत्या राहिली. कर तीच भरायची. 2018 च्या दिवाळीनंतर ती गेली आणि घराला कुलूप लागलं. पुण्याचे काका कर भरत असणार असं इंदूरच्यांना वाटत होतं आणि इंदूरचे भरत असणार असं काकांना. पुढे काकाही गेले.

21 जानेवारी 2025 ला समोरच्या वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर दाराचा फोटो पाठवला. नोटिशीत 2018-19 ते 2023-24 अशा सहा वर्षांचे 1,31,640 रुपये दाखवले होते. त्यात मूळ कर 92,400 आणि अधिभार, म्हणजे उशिराबद्दलचा जादा आकार, 39,240. मुदत पंधरा दिवस. पाण्याचं खातं वेगळं, त्याची नोटीस आली नव्हती, पण तिथेही काहीतरी साठलेलं असणार हे उघड होतं.

दुसऱ्याच दिवशी झोनवर गेले. सोबत काय न्यावं याचा पत्ता नव्हता, म्हणून आत्याच्या कपाटातली रसीदांची तार तशीच उचलून नेली. ती प्रत्येक रसीद घडी करून जाड तारेत ओवायची. सगळ्यात वर मार्च 2018 ची, शाई उडालेली, आणि कोपऱ्यात तिने लाल पेनानं खाते क्रमांक पुन्हा लिहून ठेवलेला. त्या लाल आकड्यानं माझं काम निम्मं केलं, कारण आजोबांचं नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिता येतं आणि नावावरून शोधलं तर खातं सापडत नव्हतं. जुना क्रमांक टाकल्यावर लगेच नवा आयडी निघाला.

बिल कलेक्टरनं स्क्रीनकडे बघतच म्हटलं, “मैडम, घबराओ मत, अभी तो एक सौ चौहत्तर ही है.” मग मी विचारलं की पुढे काय होतं. त्यानं समजावलं ते असं: मुदतीत पैसे आले नाहीत तर वॉरंट निघतं. त्यावर जंगम सामान किंवा मिळकत कुर्क होते. कुर्क झालेल्या मिळकतीवर मालकाला विक्री, गहाण काही करता येत नाही. त्यानंतर विक्रीची सूचना आणि मग लिलाव. यातल्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी लिलावाच्या आधीपर्यंत, पैसे भरले की गाडी थांबते.

तिथे एक गोष्ट मागून घ्यावी, ती म्हणजे वर्षवार हिशेब. नोटिशीवर एकच मोठा आकडा असतो आणि तो बघून माणूस गार पडतो. वर्षवार कागदात संपत्ती कर, समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर आणि अधिभार असे वेगवेगळे रकाने असतात. तो कागद मी घरी आणला, रात्री पेन्सिल घेऊन बसले, आणि बांधकामाच्या रकान्यात पुढची खोली ‘व्यावसायिक’ लिहिलेली दिसली.

आपल्याकडे कराची गणना फार अवघड नाही. बांधकामाचं क्षेत्रफळ, त्या भागाचा दर, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून वार्षिक भाडेमूल्य निघतं. देखभालीसाठी त्यातून दहा टक्के वजा होतात आणि उरलेल्यावर कर लागतो. व्यावसायिक वापराचा दर घरगुतीपेक्षा चांगलाच जास्त असतो. पुढच्या खोलीत एक टेलर बसायचे. आत्या त्यांना मास्टरजी म्हणायची. 2016 मध्ये त्यांना दिसेनासं झालं, मुलानं त्यांना देवासला नेलं, आणि दुकान बंद झालं. ते बंद झाल्याचं कोणी निगमला कळवलं नव्हतं, त्यामुळे खात्यात मास्टरजी अजून कापड कापत होते.

24 जानेवारीला मी दुरुस्तीचा अर्ज दिला. दुकान बंद आहे हे नुसतं सांगून भागत नाही, कधीपासून बंद आहे त्याचा कागद लागतो. गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, मास्टरजींच्या नावाचा होता, त्याचं नूतनीकरण 2016 नंतर झालेलं नव्हतं. पण ती छायाप्रत पुरेशी वाटेना. शेवटी उपयोगी पडला वीज कंपनीचा कागद. दुकानाचं वेगळं मीटर होतं आणि ऑगस्ट 2016 मध्ये ते कायमचं कापलं होतं. त्या स्थायी विच्छेदनाचा दाखला वीज कंपनीच्या झोन ऑफिसातून अर्ज देऊन मिळाला. त्याला आठवडा गेला. तुमच्या घरात असं एखादं बंद दुकान, गेलेला भाडेकरू, पडलेला मजला असेल तर आधी हा कागद शोधा. तारीख असलेला सरकारी कागद समोर ठेवला की चर्चा पाच मिनिटांत संपते.

अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पंधरा दिवसांची मुदत संपत आली तेव्हा मी त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन दुसरं पत्र दिलं, की हिशेबाची दुरुस्ती प्रलंबित आहे आणि आम्ही 8 मार्चच्या लोक अदालतीत, जिथे थकबाकी सवलतीनं मिटवता येते, रक्कम भरणार आहोत. सहायक राजस्व अधिकाऱ्यांनी, तिथे सगळे त्यांना एआरओ म्हणतात, त्यावर शेरा मारला. त्या शेऱ्याला कायद्यात किती वजन आहे मला ठाऊक नाही, मला मात्र त्या रात्री झोप लागली.

मधल्या काळात दलाल आले. नोटीस दारावर असते, म्हणजे ती साऱ्या गल्लीनं वाचलेली असते. एकजण तर आईकडे थेट सुदामा नगरला पोचला. “आजी, निगम घेणारच आहे घर, त्याआधी आम्ही घेतो, थकबाकी आमच्यावर,” असं म्हणून त्यानं जो भाव सांगितला तो रामबागेत नुसत्या जमिनीला मिळतो त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. आई घाबरून हो म्हणण्याच्या बेतात होती. माझं या सगळ्या प्रकरणातलं ठाम मत झालं असेल तर ते हेच, की अशा घरांचा लिलाव निगमच्या हातोड्यानं क्वचित होतो, तो भीतीपोटी घरातल्या घरात होतो. सव्वा लाखासाठी कोणी पिढीजात घर फुंकून टाकत नाही, पण ‘कुर्की’ हा शब्द ऐकला की सव्वा लाख किती असतात हेच डोक्यातून जातं.

दुसरी अडचण होती चुलतभावाची. दादा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. त्याचं सुरुवातीचं म्हणणं असं, की आपल्यापैकी कोणी तिथे राहणार नाही, मग होऊ दे लिलाव, थकबाकी वजा करून उरलेले पैसे वाटून घेऊ. ऐकायला हे बरोबर वाटतं, आणि आपल्याकडे कर वसूल होऊन उरलेली रक्कम मालकाची असते हेही खरं. पण मालक कोण? खात्यावर आजोबांचं नाव. उरलेली रक्कम त्यांच्या नावानं पडून राहणार आणि ती सोडवायला वारसा सिद्ध करा, कोर्टात जा, हे आलंच. शिवाय लिलावात भाव काय येणार?

गंमत म्हणजे दादाला पटलं ते त्याच्याच गावातल्या एका खटल्यानं. हेनेपिन काउंटी म्हणजे मिनियापोलिसचाच जिल्हा. तिथे जेराल्डाइन टायलर नावाच्या बाईंच्या फ्लॅटवर सुमारे 2,300 डॉलरचा मालमत्ता कर थकला होता. व्याज आणि दंड धरून तो 15,000 झाला. काउंटीनं फ्लॅट 40,000 डॉलरला विकला आणि वरचे 25,000 सुद्धा स्वतःकडेच ठेवले, कारण मिनेसोटाचा कायदाच तसा होता. त्या बाई 94 वर्षांच्या असताना, 25 मे 2023 ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, की कराच्या वरची रक्कम सरकारला गिळता येणार नाही. दादानं तेव्हा ही बातमी टीव्हीवर पाहिली होती. मी त्याला एवढंच म्हटलं, त्या बाईंचं नाव निदान कागदावर होतं आणि त्या हयात होत्या, तरी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. दादा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “कुठे सही करायची ते सांग.”

18 फेब्रुवारीला मी घर झाडायला गेले होते तेव्हा जवळच्याच रस्त्यावर वसुलीचं पथक आलं होतं. एका बंद गोदामाला सील लावत होते. कुर्की मी पहिल्यांदाच बघत होते. कुलपाला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली, दोन्ही टोकं एकत्र धरली, एकानं मेणबत्तीवर लाखेची कांडी वितळवून थेंब सोडले आणि दुसऱ्यानं पितळी शिक्का दाबला. मग पंचनाम्यावर शेजारच्या चहावाल्याची सही घेतली. आवाज नाही, भांडण नाही, सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकलं. त्यांनी शटरवर कागद चिकटवला तेव्हा त्यातलं 175 मला लांबूनच वाचता आलं.

आमच्याकडे पाहणीला माणूस फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. टेप लावून खोली मोजली, भिंतीवर जुन्या मीटरच्या जागी उरलेले स्क्रू आणि तुटकी वायर होती त्याचा फोटो काढला, शेजारच्या दोघांच्या सह्यांनी पंचनामा केला. पाहणीच्या दिवशी घर उघडं आणि रिकामं दिसेल असं बघा. मी मास्टरजींचं कापड कापायचं मोठं टेबल आदल्या दिवशीच आतल्या चौकात नेऊन ठेवलं होतं.

5 मार्चला सुधारित हिशेब हाती आला. मूळ कर 61,300, अधिभार 26,150, एकूण 87,450. आकडा कमी झाला याचा आनंद होताच, पण खरी गोम पुढे आहे.

लोक अदालतीत सूट मिळते ती अधिभारावर. मूळ करात एक पैसा कमी होत नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा. 2025 च्या त्या लोक अदालतीत टप्पे असे होते: संपत्ती कराच्या खात्यात कर आणि अधिभार मिळून 50,000 पर्यंत असतील तर अधिभार पूर्ण माफ, 50,000 ते 1 लाख असतील तर अर्धा माफ, आणि 1 लाखाच्या वर फक्त पाव. म्हणजे जुन्या हिशेबानं आम्ही एक लाखाच्या वर होतो, आम्हाला पंचवीस टक्के सूट मिळाली असती आणि 1,21,830 भरावे लागले असते. नव्या हिशेबानं आम्ही लाखाच्या खाली उतरलो, अर्धा अधिभार, म्हणजे 13,075, माफ झाला आणि भरायचे राहिले 74,375. एका बंद टेलरिंगच्या दुकानानं जवळजवळ साडेसत्तेचाळीस हजारांचा फरक पाडला.

पाण्याचे टप्पे वेगळे होते: 10,000 पर्यंत पूर्ण अधिभार माफ, 10,000 ते 50,000 ला पंचाहत्तर टक्के, त्यावर पन्नास टक्के. आमचं पाण्याचं खातं 17,400 निघालं, त्यातला अधिभार 5,400. सूट 4,050, भरणा 13,350. घर बंद असलं तरी नळाचं कनेक्शन चालू असेल तर आकार चढतच राहतो, म्हणून घर कुलूपबंद करतानाच नळ तोडून घ्यावा. कचऱ्याचं शुल्कही होतं. बंद घरात कचरा कसला, असा वाद घालता आला असता, पण रक्कम किरकोळ होती आणि एकाच वेळी दोन आघाड्या उघडायची माझी तयारी नव्हती.

8 मार्च, शनिवार. नॅशनल लोक अदालत म्हटल्यावर मी कोर्टाची कल्पना करून गेले होते. प्रत्यक्षात झोनच्या आवारात मांडव, खुर्च्या, पाण्याचा जार आणि टेबलांच्या रांगा. सूट दिल्यानंतरची रक्कम एकरकमी भरता येते किंवा दोन हप्त्यांत, पण निम्मी तरी त्याच दिवशी भरावी लागते. आम्ही 40,000 त्या दिवशी भरले आणि पाण्याचे सगळे. सकाळी लवकर गेलेलं बरं, दुपारी सर्व्हर दमतो आणि माणसंही. यूपीआयला दिवसाची मर्यादा असते हे ऐनवेळी रांगेत माझ्या पुढे असलेल्या एका गृहस्थांच्या लक्षात आलं, त्यांनी रांगेतूनच मुलाला फोन लावला. मी चेकबुक नेलं होतं. रसीद हातात आल्यावर खाते क्रमांक, वर्षं आणि ‘लोक अदालत सूट’ हा रकाना तिथेच उभं राहून तपासा.

अजून एक, बरेच जण विचारतात म्हणून. कर भरायला घर तुमच्या नावावर असावं लागत नाही. कोणीही भरू शकतं, रसीद खातेदाराच्या नावानं निघते. पण तीच रसीद मालकीचा पुरावा होत नाही, त्यामुळे भावंडांपैकी एकानं भरले म्हणून घर त्याचं होत नाही. आमच्या घरात हे आधीच मोकळेपणानं बोलून घेतलं आणि कोणी किती दिले ते एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

उरलेले 34,375 आणि चालू वर्षाचे 10,240 रंगपंचमी झाल्यावर, मार्च संपायच्या आत भरले. 19 मार्चला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक होती, तो आठवडा इंदुरात कामाचा नसतोच, त्या हिशेबानं तारखा धरा.

थकबाकी शून्य झाल्यावरच नामांतरणाचा, म्हणजे निगमच्या खात्यावरचं नाव बदलायचा अर्ज पुढे सरकतो. एप्रिलमध्ये तो दिला. आजोबा, आत्या, बाबा, काका अशा चौघांचे मृत्यूचे दाखले, वंशावळीचं शपथपत्र, खरेदीखताची प्रत, शून्य थकबाकीची रसीद, आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना. आत्या अविवाहित होती. वडिलांकडून आलेला तिचा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे पुन्हा आजोबांच्या वारसांकडेच येतो, हे शपथपत्रात स्पष्ट लिहिलं म्हणून पुढे प्रश्न आला नाही. जाहीर सूचनेला 1,800 रुपये लागले, शपथपत्रं आणि नोटरीला मिळून साधारण तेवढेच.

दादानं तिकडे नोटरीसमोर सही करून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, लावून मुखत्यारपत्र आईच्या नावानं पाठवलं. परदेशात केलेला असा कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते काम इंदुरातल्या मोती तबेल्याच्या पंजीयन, म्हणजे नोंदणी कार्यालयात होतं. पोचल्याची तारीख सिद्ध करायला कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, आमच्याकडे ते खरंच मागितलं. आणि नामांतरण झालं म्हणजे मालकीवर शिक्कामोर्तब झालं असं समजू नका, ते फक्त कर कोणी भरायचा त्याची नोंद आहे. वाटणी करायची तेव्हा वेगळं खत लागेल.

जूनमध्ये आदेश आला. आता खात्यावर आई, मी, काकू आणि दादा अशी चार नावं आहेत. एखादी लोक अदालत हुकली तरी पुढची असते: 2025 मध्ये जूननंतरच्या तारखा 13 सप्टेंबर आणि 13 डिसेंबर अशा ठरल्या होत्या. सवलतीचे दर प्रत्येक वेळी शासन आदेशानं जाहीर होतात, म्हणून आठवडाभर आधी झोनवर विचारून जा.

शेवटचं काम मोबाईल नंबरचं होतं. खात्यावर आत्याचा लँडलाईन नोंदलेला होता, त्यावर मेसेज जाणार कुठे? खिडकीवरच्या मुलीनं नवा नंबर विचारला. दादाचा हट्ट होता की त्यालाही सूचना यावी, पण रकान्यात दहाच आकडे मावतात आणि तेही भारतातले. मग माझा दिला. आता बिलाचा मेसेज आला की मी तो घरच्या ग्रुपवर टाकते, आणि दादा तिकडे पहाटेचे किती वाजलेत ते सांगून आधी कुरकुर करतो, मग पैसे पाठवतो.